उजवा बैल

बापूजींची कळमन्याची पाळी संपायला चार दिवस राहिले होते, तेव्हा बोरडोहचा पट आला, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. एक महिना थोरल्या मुलाकडे कळमन्याला, एक महिना धाकट्याकडे कोराडीच्या क्वार्टरात, हा क्रम वाटणीच्या कागदात लिहिलेला होता. त्याच कागदात दोन ओळी खाली बैलांचं होतं: वकील नावाचा बैल थोरल्या मनोहररावांकडे, मास्तर नावाचा बैल धाकट्या चंपतरावांकडे. कागद करणाऱ्या कारकुनाने लेखणी थांबवून विचारलं होतं, की पटाची पळती जोडी अशी फोडतात का. दोघे भाऊ एकाच वेळी म्हणाले होते, "लिहा तुम्ही." त्यानंतर दोन वर्षांत दोघांनी मिळून काहीही म्हटलं नव्हतं.

मेटॅडोर दारात उभी होती. वकील मागे चढला होता आणि बापूजी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. त्यांची लाकडी खुर्ची बैलाजवळ बांधली होती. बापूजींना एका कानाने ऐकू येत नसे. कोणत्या, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे घरातले लोक दोन्ही बाजूंनी जपून बोलत.

मनोहररावांनी बायकोला, गोदूबाईंना, गाडीच्या मागच्या अंगाला नेलं.

"गोदे, तिथं काही बोलजो नको."

"म्या काय बोलू?"

"तेच. वकिलाचं."

"वकील डावा झाला म्हून?"

"हळू बोल ना वं!"

गोदूबाईंनी आवाज कमी केला, पण विषय सोडला नाही. वर्षभर त्या पाहत होत्या. वकील हा जन्माचा उजवा बैल. जोडीत नेहमी उजवीकडे चालायचा, डावीकडे मास्तर. आणि हा त्यांचा नवरा रोज सकाळी शेजारच्या कवडूचा बैल आणून, ज्वारीच्या शेतामागे, वकिलाला डावीकडे जुपत होता. पहिले तीन महिने वकील जू पाहूनच खाली बसायचा.

"बोरडोहले भोंग्यावर उजव्या बैलाच्या मालकाचं नाव आधी घेतात," मनोहरराव म्हणाले. "धाकट्याले तेच पाह्यजे ना? घे म्हणा. पण त्यानं तोंडानं मागितलं पाह्यजे. दादा, मास्तरले उजवीकडे येऊ द्या, इतकं म्हणावं. मी म्हणतो, ये. माही तयारी हाय."

"अन् नाही मागितलं तं?"

"कसा नाही मागत! त्याच्याचसाठी तं तोंड फिरवून बसला हाय."

"मंग तुम्हीच सांगून द्या."

"मी मोठा हाओ," मनोहरराव म्हणाले. ते त्यांनी अशा आवाजात सांगितलं, की जणू तो एक आजार होता आणि त्यावर औषध निघालेलं नव्हतं.

गोदूबाईंनी मान हलवली. मनोहररावांनी तेवढ्यावर विश्वास न ठेवता त्यांच्याकडून बैलाच्या शिंगाला हात लावून शपथ घेतली.

*

कोराडीहून निघालेल्या ट्रकमध्ये चंपतराव मास्तरच्या मानेशी उभे होते आणि एक वाक्य पाठ करत होते.

"मास्तर उजवीकडे जुपल्या जाईल. आपलं सांगून ठेवतो."

"कोणाले सांगसाल?" मैनाबाईंनी नवऱ्याला विचारलं. त्या कडब्याच्या पेंढीवर बसल्या होत्या. "तुम्ही तं बोलत नाही त्यायच्यासंग."

"दादाच्या वच्छलाले सांगीन. थे सांगन."

मास्तर पांढरा होता, पण कोराडीला आल्यापासून त्याच्यावर वीजकेंद्राची राख बसे आणि दुपारपर्यंत तो करडा होई. मैनाबाई त्याला रोज धूत. क्वार्टरच्या मागे बैल बांधल्याबद्दल कॉलनीतून नोटीस आली होती. तिला चंपतरावांनी लेखी उत्तर दिलं होतं, की सदर बैल पाहुणा असून पट झाल्यावर विचार करण्यात येईल. ड्यूटी सुटली, की ते दूधवाल्याचा बैल मागून आणत आणि मास्तरला उजवीकडे जुपून राखेच्या बंधाऱ्यावरून फिरवत. हे वर्षभर चाललं होतं. कळमन्याला त्यातलं काही कळू नये म्हणून बापूजी पाळीवर असले, की दूधवाल्याचा बैल हरवलेलं वासरू शोधायला आला आहे, असं सांगण्यात येई.

हे सगळं एका शब्दामुळे होत होतं. दोन वर्षांपूर्वीच्या पटात भोंग्यावर पुकारा झाला होता, ‘मनोहररावांची जोडी’. त्या जोडीला चार महिने मालीश चंपतरावांनी केली होती. "मी काय बैलाचं शेपूट हाओ?" असं ते सगळ्या गावासमोर म्हणाले. मनोहरराव म्हणाले, "शेपूट तरी कामाचं असते." वाटणी तिथून सुरू झाली. पुढे पट कमिटीने नियम केला, की दोन मालक असले तर दोघांची नावं घ्यायची, उजव्या बैलाचा मालक आधी.

"इतकं करून तुमचं नाव आधी आलं," मैनाबाई म्हणाल्या, "तं काय होईन?"

"काय होईन म्हंजे? आधी येईन!"

मैनाबाईंना हे पटलं नाही, पण रस्ता खराब होता आणि मास्तरचा तोल सांभाळायचा होता.

पटाच्या मैदानाजवळ ट्रक थांबला. चंपतरावांनी मास्तरला उतरवलं आणि स्वतः वाक्य जिभेवर घेऊन उतरले. समोरून मनोहरराव येत होते. ते भावाकडे न पाहता त्यांच्या बाजूने निघून गेले आणि थेट मास्तरपाशी पोचले. त्यांनी त्याच्या गळ्याच्या लोंबत्या पोळीखाली हात घातला, कान उलटे करून पाहिले, खूर पाहिले.

"काहून गा मास्तर, रोडावला तू? राख खाऊन राहिला का तिकडे?"

मग खिशातून फडक्यात बांधलेला अळशी-गुळाचा उंडा काढला आणि त्याला चारला. मास्तरने उंडा खाऊन फडकंही ओढलं. मनोहरराव हसले. चंपतरावांनी त्यांना दोन वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं. समोरचे दोन दात आता नव्हते, हे त्यांना माहीतच नव्हतं.

चंपतरावांच्या जिभेवरचं वाक्य गेलं.

*

वच्छला नागपूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची आणि धंतोलीत खोली घेऊन राहायची. मनोहररावांची ही एकुलती मुलगी. पट कमिटीचे ईश्वरदास यांनी तिला स्टॉपवॉच घेऊन बोलावलं होतं, कारण मागच्या खेपेला वेळ मोजणाऱ्या तिघांच्या तीन वेळा आल्या होत्या आणि खरी कोणती हे ओरडण्याच्या जोरावर ठरलं होतं. पण अजून पट सुरू झाला नव्हता, म्हणून ती घरच्या कामावर होती. म्हणजे वडील आणि काका यांच्या मधोमध उभी होती.

दोघांमध्ये चार हातांचं अंतर होतं.

"वच्छे, त्याले विचार, उजवीकडे कोणता बैल घ्याचा?" मनोहरराव म्हणाले.

"काका, बाबा विचारतात—"

"ऐकू आलं मले." चंपतराव मास्तरकडे पाहत होते. "त्यायले सांग, वकील उजवा होता, उजवाच राहू द्या. आधीसारखं."

मनोहरराव पोरीकडे वळले.

"बरोबर विचार त्याले. नक्की का म्हणा."

"काका, नक्की?"

"नक्की. मोठ्याचा बैल उजवीकडे. त्यात काय विचारून राहिले?"

"अवो," गोदूबाई म्हणाल्या.

"तू चूप राह्य," मनोहरराव म्हणाले. मग वकिलाचा दोर हातात घेऊन, "बरं. आधीसारखं तं आधीसारखं."

वच्छलाने दोघांचे चेहरे पाहिले. एकाने मान दिला होता, दुसऱ्याला मिळाला होता. चेहरे मात्र दोघांचेही काहीतरी हरवल्यासारखे होते. तिला हे विचित्र वाटलं. पण नुसत्या चेहऱ्यांवरून निष्कर्ष काढायची तिला सवय नव्हती.

जोडी जुपली. वकील उजवीकडे, मास्तर डावीकडे. पटाचा छकडा हलका, दोन चाकं आणि वर एक माणूस बसेल एवढी फळी. त्यावर हाकणारा कवडू चढला. तोच तो शेजारचा कवडू, पंचेचाळिशीचा, काडीसारखा. त्याने या घराची जोडी अठरा वर्षं हाकली होती. सरावाला म्हणून त्याने हळूच कासरा हलवला.

वकील डावीकडे सरकला. मास्तर उजवीकडे सरकला. दोघांचे खांदे एकमेकांना भिडले आणि तिथेच थांबले. एका दारातून दोन जाड माणसं एकदम निघावीत तसे ते एकमेकांना रेटत राहिले. जोर सारखे होते आणि दिशा उलट होत्या. छकडा जागचा हलला नाही. वच्छला वर्गात हे फळ्यावर दोन बाण काढून शिकवायची. इतकं स्वच्छ उदाहरण तिला कधी मिळालं नव्हतं.

"हे बैल हायेत का सवती?" कवडू म्हणाला. त्याच्या बैलाबरोबर वकील वर्षभर डावीकडे चालला, हे त्याला ठाऊक होतं. पण त्याच्याकडूनही शपथ घेतलेली होती, आणि मालक समोर उभा होता.

"वच्छे," मनोहरराव ओरडले, "त्याले विचार, मास्तरले काय झालं?"

"त्यायले विचार, वकिलाले काय झालं!"

"वकिलाले काही झालं नाही!"

"मास्तरलेही काही झालं नाही!"

आपलाच बैल चुकतो आहे अशी दोघांचीही खात्री होती, त्यामुळे दोघेही जोरात ओरडत होते.

तेवढ्यात पहिलं डफडं वाजलं आणि भोंग्यातून ईश्वरदासांचा आवाज आला. "मानाची जोडी रेघेवर आणा हो! मागच्या वर्षी आले नाही, बापूजींच्या वयाकडे पाहून आम्ही जागा खाली ठेवली. या वर्षी तिसरं डफडं वाजेपर्यंत जोडी रेघेवर नसली, तं पहिल्या जोडीचा मान मुकादमाच्या घरी जाईन. नेहमीसाठी जाईन."

मुकादमाची जोडी मागे उभीच होती. तिच्या शिंगांना नवीन गोंडे होते.

वच्छला बापूजींकडे गेली. त्यांची खुर्ची शेवटच्या रेघेजवळ मांडली होती, आणि तिलाही वेळ घ्यायला तिथेच उभं राहायचं होतं. बापूजींनी तिला हाताने जवळ बोलावलं.

"पळत नाहीत का?"

"नाही, बापूजी. एकमेकांना रेटतात."

"बैल का पोट्टे?"

"दोन्ही."

बापूजींनी मैदानाकडे पाहिलं. एक्केचाळीस वर्षं या मैदानावर पहिली जोडी त्यांच्या घरची धावली होती. वच्छलाला वाटलं, ते आता मानाबद्दल बोलतील.

"मान गेला तं गेला," ते म्हणाले. "मुकादम काही वाईट माणूस नाही. पण मंग पुढच्या वर्षी हे दोघं इथं कायले येतीन? मी कोणाच्या पाळीत मेलो तं दुसरा येईन, तेवढंच."

वच्छलाने स्टॉपवॉचला चावी दिली. ती आधीच भरलेली होती.

*

मैनाबाई मेटॅडोरच्या सावलीत गोदूबाईंजवळ येऊन बसल्या. गोदूबाईंचा गुडघा सुजलेला होता. दोघी जावा बऱ्याच महिन्यांनी भेटत होत्या, पण ख्यालीखुशालीला वेळ नव्हता.

"बाई, एक सांगू का? पण मले शपथ हाय."

"मले बी हाय."

"मंग तुम्ही आधी सांगा."

"तू सांग वं. माही शिंगाले हात लावून घेतली हाय. तुही कशी हाय?"

"जेवता जेवता घातली. उष्ट्या हातानं."

"मंग ते धरत नाही. सांग."

मैनाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "मास्तर डावा राहिला नाही, बाई. आमच्यायनं त्याले उजवा केला. वर्ष झालं."

गोदूबाईंनी कपाळाला हात लावला. "अन् आमच्यायनं वकील डावा केला."

"काहून?"

"तुह्या नवऱ्याले नाव पाह्यजे म्हून!"

दुसरं डफडं वाजलं.

मैनाबाईंनी मनातल्या मनात दोन बैल उभे केले आणि त्यांच्या जागा बदलल्या. "म्हंजे बैल बरोबर हायेत," त्या म्हणाल्या. "बदमाशी फक्त माणसायची हाय."

"धाव वं मैना! माह्यानं धाववत नाही."

मैनाबाई धावल्या. डफडंवाला तिसऱ्यांदा वाजवण्याआधी कातडं तापवायला गवताच्या जाळावर धरत होता. थंडीचे दिवस, कातडं लवकर ताणत नव्हतं. तेवढाच काय तो वेळ हातात होता.

पण अडचण दुसरीच होती. चंपतराव जोडीच्या पलीकडे चाकाशी वाकून कवडूशी हुज्जत घालत होते. वच्छला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. अलीकडे, जू धरून, एकटे मनोहरराव उभे होते. ते मैनाबाईंचे भासरे, म्हणजे थोरले दीर. भासऱ्यांशी धाकटी भावजय बोलत नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि या बावीस वर्षांत मैनाबाई त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मीठ वाढायचं असलं तरी त्या भिंतीला विचारत, आणि भासरे भिंतीलाच ‘नको’ म्हणत.

त्यांनी पदर पुढे ओढला आणि रीतीप्रमाणे बैलाला सांगितलं. "मास्तर, तुम्ही उजवे हायेत ना? मंग सांगत काहून नाही?"

भावजय जवळ आलेली पाहून मनोहररावांनीही रीतीप्रमाणे तोंड फिरवलं. मैनाबाई त्या बाजूने गेल्या. त्यांनी दुसरीकडे फिरवलं. डफडंवाल्याने कातडं जाळावरून काढलं, बोटाने टिचकी मारून पाहिली आणि पुन्हा धरलं.

"भासरेबुवा!" मैनाबाई ओरडल्या. मैदानावर बसलेल्या अर्ध्या गावाने वळून पाहिलं. "बैल बदला! वकील डावा हाय, मास्तर उजवा हाय! मले माहीत हाय, अन् तुमालेबी माहीत हाय!"

मनोहररावांनी बावीस वर्षांत प्रथमच भावजयीचा चेहरा समोरून पाहिला. तो रागावलेला होता. त्यांनी नजर काढून घेतली आणि ती भावावर जाऊन थांबली.

"मास्तर उजवा?"

चंपतराव चाकाशी उभे राहिले. "वकील डावा? कधीपासून?"

"मागच्या संक्रांतीपासून."

"मंग बोलला काहून नाही, दादा?"

"तू मागितलं काहून नाही?"

"मागणार होतो! वाक्य पाठ केलं होतं."

"मंग कोठी गेलं?"

"तुम्ही त्याले उंडा चारला ना!"

"बैलाले उंडा चारला, तुह्या तोंडात तं नाही कोंबला!"

"भांडण मंग करा!" कवडू वरून किंचाळला. "आधी जू काढा!"

दोघांनी जू काढलं. वकील पुढून फिरवला, मास्तर मागून. दोन्ही बैल, दोन्ही भाऊ आणि एक दोर यांचा मधे गुंता झाला. तो मैनाबाईंनी सोडवला. मास्तर उजवीकडे येऊन उभा राहिला आणि त्याने मोठा श्वास सोडला. वकिलाने डावीकडून त्याची मान चाटली. छकडा रेघेवर लागला, तेव्हा तिसऱ्या डफड्याची पहिली टिपरी पडायची होती. मुकादमाच्या माणसाच्या मते ती पडलेली होती. पण ईश्वरदासांनी भोंग्यावरून सांगितलं, की जाळ त्यांना दिसतो आहे आणि डफडं अजून जाळावर आहे.

*

बापूजींनी खुर्चीत पुढे वाकून पाहिलं. तिकडे झेंडी पडली. आधी धूळ निघाली, मग धुळीतून दोन माना निघाल्या, अगदी बरोबरीने. कवडू फळीवर जवळजवळ आडवा झाला होता. जमिनीचा थरथराट आधी खुर्चीच्या पायांत आला आणि मग बापूजींच्या गुडघ्यांत. जोडी समोरून गेली. वच्छलाने कळ दाबली.

"नऊ पूर्णांक आठ," ती म्हणाली. शेजारच्या दोन मोजणाऱ्यांचं म्हणणं नऊ आणि अकरा असं होतं. तिने घड्याळ त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं आणि ते दोघे नऊ पूर्णांक आठवर आले. संध्याकाळपर्यंत सतरा जोड्यांनी याहून कमी वेळ घेतला. मुकादमाची त्यांत होती. पण पहिली जोडी ही होती.

जोडी रेघेपाशी थांबली नाही. ती सरळ पुढे हरभऱ्याच्या शेतात गेली आणि तिच्यामागे, धोतराचा सोगा हातात धरून मनोहरराव आणि एका पायात चप्पल घालून चंपतराव धावत गेले.

भोंगा खरखरला.

"मानाची पहिली जोडी, वेळ नऊ पूर्णांक आठ सेकंद! उजवा बैल मास्तर, मालक श्री. चंपतराव, मुक्काम कोराडी! डावा बैल वकील, मालक श्री. मनोहरराव, मुक्काम कळमना!"

मैनाबाई धापा टाकत बापूजींच्या खुर्चीपाशी आल्या. "मामंजी, नाव घेतलं! आधी घेतलं!"

"ऐकलं," बापूजी म्हणाले.

वच्छलाने ईश्वरदासांना हात करून आणखी एकदा पुकारायला लावलं. नावं पुन्हा पुकारली गेली, आणि या खेपेला चंपतरावांच्या नावाआधी ‘सुप्रसिद्ध’ लागलं.

हरभऱ्याच्या शेतात दोन बैल मान खाली घालून चरत होते. कवडू बांधावर बसून विडी ओढत होता. दोघे भाऊ समोरासमोर उभे राहून हातवारे करत होते. थोरल्याने दोन्ही हात पसरून काहीतरी लांबी दाखवली. धाकट्याने ती नाकारली आणि त्याच्या निम्मी दाखवली. मग दोघांनी बैल धरले आणि बांधाबांधाने परत यायला लागले. त्यांचं बोलणं त्यांच्या आधी येऊन पोचलं.

"—डाव्या बैलाले इतका लांब कासरा कोणी देते का, दादा? बह्याडासारखं!"

"वर्षभर चालवला मी त्याले!"

"चालवला. पळवला कुठं? झेंडी पडल्यावर तो अर्धा पाऊल मागं होता, मी पाह्यलं."

"अन् तुह्या मास्तरची मान? हे अशी वाकडी! दूधवाल्याच्या बैलासंग ठेवलं का असंच होते."

"तुमाले कोणं सांगितलं दूधवाल्याचं?"

"बापूजींनी. उजवा का डावा, तेवढं नाही सांगितलं."

चंपतरावांनी बापूजींकडे पाहिलं आणि ते पुन्हा भावाकडे वळले. बापूजी मुकादमाच्या जोडीकडे पाहत होते.

मैनाबाई पुढे झाल्या. "आईकलं का? भोंग्यावर तुमचं नाव आधी घेतलं. दोन खेपा घेतलं. सुप्रसिद्ध म्हटलं."

"कधी?" चंपतराव म्हणाले.

"आत्ताच. तुम्ही शेतात होते तेव्हा."

"बरं," चंपतराव म्हणाले, आणि भावाच्या दंडाला धरून त्यांना वकिलाच्या डाव्या अंगाला घेऊन गेले. "इकडे या, दादा. इथं पाहा. कासरा इथून धराचा असते, वीतभर पुढून."